नाळ पडेना

बाळ सव्वीस दिवसांचं झालं तरी नाळ पडेना, तेव्हा दीक्षाताईंनी फार चर्चा न करता दुपट्यांची पिशवी भरायला घेतली.

"कुठं चाललात?" सुनेनं, अनुष्कानं विचारलं.

"महाडला, डॉक्टरीणबाईंकडं. तू पण चल."

अनुष्कानं केस बांधले, बाळाला उचललं आणि दारात जाऊन उभी राहिली. दोन-अडीच वर्षांपूर्वी हीच अनुष्का याच दारात पहिल्या मुलाला घेऊन "महाडला जाऊया" म्हणत उभी होती आणि दीक्षाताईंनी तिला परत आत पाठवलं होतं. दोघींनाही ते आठवलं, आणि दोघीही रिक्षा येईपर्यंत रस्त्याकडे बघत राहिल्या.

बिरवाडीच्या पुढे, नदी ओलांडल्यावर जी बौद्धवाडी लागते, तिथल्या दीक्षाताई आशा कार्यकर्त्या. चौदा वर्षं झाली. वाडीत जन्मलेलं प्रत्येक मूल तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या अशा ठरलेल्या दिवशी जाऊन बघायचं, वजन करायचं, ताप बघायचा आणि फॉर्म भरायचा. शिवाय पोलिओचे डोस, कुष्ठरोगाची शोधमोहीम, पिंपातल्या डासांच्या अळ्या, गरोदर बायकांच्या नोंदी, आणि आता या सगळ्याचे मोबाईलवर फोटो. सरकारला सकाळी उठल्यावर काही नवीन सुचलं की ते दुपारपर्यंत आशाताईंच्या डोक्यावर येऊन पडतं. दीक्षाताई सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या आणि साठीच्या दिसत होत्या. नवरा करोनात गेला. मुलगा प्रितम एमआयडीसीत पाळीवर जायचा. गुडघे दुखायचे, जिना चढताना धाप लागायची, पण धाप कोणाला लागत नाही, असं त्या स्वतःलाच समजवायच्या. एका रात्रीच्या झोपेनं जाईल असला तो थकवा राहिलाच नव्हता.

अनुष्का ही त्यांच्या सख्ख्या मोठ्या भावाची, राजेंद्रची मुलगी. मामाची मुलगी घरात आणायची ही दीक्षाताईंचीच हौस. परकी आणून तिच्या सवयी शिकत बसण्यापेक्षा आपल्या रक्ताची आणलेली बरी, असं त्या चारचौघांत मिरवून सांगायच्या. वाडीत कोणाला त्यात वावगं वाटायचं कारण नव्हतं. निम्मी वाडी तशीच जुळलेली. लग्नात पंचशील म्हणताना दीक्षाताईंचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

मग पहिला मुलगा झाला, अश्वजित. त्याची नाळ तेहेतिसाव्या दिवशी पडली. दीक्षाताईंच्या माहेरी एक रीत होती, की नाळ पडल्याशिवाय बाळाचं नाव ठेवायचं नाही. इतरांकडे बाराव्या दिवशी किंवा सवडीनं नामकरण होतं. यांच्याकडे नाळ पडेपर्यंत बाळ नुसतं 'बाळ'. का, ते कोणी विचारलं नव्हतं. भिकाजीच्या घरची, म्हणजे दीक्षाताईंच्या वडिलांच्या घरची रीत, एवढंच. अनुष्काही त्याच घरातली, म्हणून ती रीत लग्नानंतर इकडेही चालत आली. दीक्षाताईंची आई बनुबाई पोलादपूरहून रोज फोन करायची, "पडली काय गो?" आणि दीक्षाताई वैतागून म्हणायच्या, "पडेल आये, तिला काय घाई हाय?"

बेंबीभोवती तेव्हा लाल झालं होतं. अनुष्का घाबरली होती. दीक्षाताईंनी बेंबी नीट बघितली, वास घेतला, कापसानं पुसून बघितली आणि म्हणाल्या, "पू नाय ना? मग भिऊ नको." नातू स्वतःचा असला तरी फॉर्म भरायचा तो भरायचाच. 'नाळेतून पू येतो का?' या प्रश्नापुढे त्यांनी सुवाच्य अक्षरात 'नाही' लिहिलं, सहाही भेटींना. पाचव्या महिन्यात मुलाच्या कानामागे एक लहानशी जखम झाली. ती पसरली, कडेनं काळी पडली, पण कोरडी राहिली. चार दिवसांच्या तापात, मुंबईला न्यायची गाडी महाडहून सुटायच्या आत, अश्वजित गेला. कागदावर जंतुसंसर्ग असं लिहून मिळालं.

त्यानंतर अनुष्का भांडली नाही, माहेरी जाऊन बसली नाही. आत्या म्हणायची थांबली नाही. फक्त तिचं बोलणं "जेवायला चला" आणि "गॅस संपलाय" एवढ्यावर आलं. भांडली असती तर बरं झालं असतं, असं दीक्षाताईंना कितीदा तरी वाटायचं.

महाडच्या शेट्ये डॉक्टरांनी बाळाचं झबलं वर केलं आणि बराच वेळ बेंबी बघितली. नाळ वाळकी होऊन तशीच चिकटलेली, भोवती तळहाताएवढा भाग लाल, गरम. बाळाला ताप होता.

"दीक्षाताई, पू का नाही?"

"नाय ना डॉक्टर. मी रोज बघते. एकदम स्वच्छ हाय."

"तेच विचारतेय मी. एवढं सुजलंय, एवढं लाल झालंय, अंग तापलंय. मग पू का नाही?"

चौदा वर्षांत हा प्रश्न असा उलटा कोणी विचारला नव्हता. प्रशिक्षणात नाही, फॉर्मात नाही. पू असला तर वाईट आणि नसला तर बरं, हे दीक्षाताई झोपेतसुद्धा सांगू शकल्या असत्या.

रक्त तपासायला पाठवलं. लॅबवाल्याला वाटलं मशीन बिघडलं. त्यानं परत लावलं, मग काचेवर थेंब घेऊन डोळ्यांनी मोजून बघितलं. पांढऱ्या पेशी एकाहत्तर हजार. एवढ्या लहान मुलाला वीस हजार म्हणजेसुद्धा पुष्कळ.

"इतक्या पेशी रक्तात आहेत आणि जखमेत एकही नाही," शेट्ये डॉक्टर कागद बघत म्हणाल्या. "नवरा-बायको नात्यातले?"

"हो. मामाची मुलगी," दीक्षाताई म्हणाल्या. हे उत्तर त्या नेहमी मान वर करून द्यायच्या. आज ते खालच्या आवाजात निघालं.

"हे पहिलंच?"

दीक्षाताईंच्या आधी अनुष्काच म्हणाली, "पहिला गेला, पाच महिन्यांचा. त्याची नाळ पण अशीच राहिली होती. तेव्हा पण पू नव्हता. आत्यांनी फॉर्मात लिहिलंय."

तिनं हे टोचून म्हटलं नव्हतं. डॉक्टरांना माहिती हवी होती, तिनं दिली. दीक्षाताईंना मात्र त्या लहानशा खोलीत बसवेना. शेट्ये डॉक्टरांनी शिरेतून औषध सुरू केलं आणि दुपारच्या आत मुंबईच्या मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी लिहून गाडीची सोय केली. पहिल्या वेळी ही गाडी चार दिवसांतही निघाली नव्हती.

मुंबईत एका बारीकशा, चष्मेवाल्या डॉक्टर मुलीनं त्यांना समोर बसवून समजावलं. प्रितम सुट्टी टाकून आला होता. तिनं कोरा कागद घेतला आणि एक नळी काढली.

"ही रक्तवाहिनी. पांढऱ्या पेशी यातून वाहत असतात. कुठे जंतू शिरले की तिथल्या रक्तवाहिनीची भिंत त्यांना खुणा करते. पेशी आधी भिंतीला घासत, लोळत येते. इथपर्यंत तुमच्या बाळाचं सगळं बरोबर आहे. पुढे तिनं भिंतीला घट्ट धरायचं, थांबायचं आणि फटीतून पलीकडे जखमेत उतरायचं. धरायला तिच्या अंगावर प्रथिनाच्या आकड्या असतात, प्रत्येक आकडी दोन तुकड्यांची. त्यातला एक तुकडा सगळ्यांना सामाईक. त्याला सीडी अठरा म्हणतात. तो तुकडा कसा बनवायचा याची कृती एकविसाव्या गुणसूत्रावर लिहिलेली असते. तुमच्या घरात त्या कृतीत एका अक्षराची चूक आहे. तुकडा वाकडा बनतो, पेशी तो आतच मोडून टाकते, आणि जोडीदार नाही म्हणून दुसरा तुकडाही पेशीच्या पृष्ठभागावर येत नाही. बाळाच्या पेशींवर आम्हाला या आकड्या एक टक्कासुद्धा सापडल्या नाहीत. या आजाराचे तीन प्रकार आहेत. एकात पेशीवरच्या साखरेचा घोटाळा असतो, त्यात पेशी भिंतीला लोळतच नाही. एकात आकडी असते पण तिला धरायचा हुकूम पोचत नाही. तुमचा हा पहिला प्रकार, आकडीच नसलेला."

दीक्षाताईंना महापुरात सावित्री नदीतून वाहत गेलेली एक म्हैस आठवली. ती झाडाला घासली, क्षणभर वळली, आणि धरायला हात नसल्यामुळे पुढे गेली.

"आणि पू?" त्यांनी विचारलं.

"पू म्हणजे याच पेशी. जखमेत उतरून, जंतूंशी लढून मेलेल्या. उतरल्याच नाहीत तर पू होणार कशाचा? नाळ गळून पडायलाही याच पेशी लागतात."

म्हणजे दहा भेटींत, दोन नातवंडांच्या फॉर्मांवर, दीक्षाताईंनी अगदी खरं तेच लिहिलं होतं. त्यांना स्वतःचा भयंकर राग आला. धड रागवायलाही अंगात त्राण उरलेलं नाही, हेही त्याच वेळी कळलं.

डॉक्टर मुलीनं दुसऱ्या कागदावर घराणं काढलं. पुरुषांना चौकोन, बायकांना गोल. प्रितम आणि अनुष्का यांच्यामध्ये तिनं दोन रेघा ओढल्या. नात्यातलं लग्न असलं की तशा ओढतात म्हणे. चूक एकाच बाजूनं आली तर माणूस धडधाकट राहतो, नुसता वाहक होतो. दोन्ही बाजूंनी आली की मूल असं जन्मतं. प्रितमकडून वर गेलेली रेघ दीक्षाताईंवर आली, अनुष्काकडून वर गेलेली राजेंद्रवर, आणि त्या दोन्ही एकाच जोडप्याला जाऊन मिळाल्या, भिकाजी आणि बनुबाई.

"यात कोणाचा दोष नसतो," डॉक्टर मुलगी म्हणाली. हे वाक्य त्यांनाही प्रशिक्षणात शिकवत असावेत. दीक्षाताई स्वतः ते लोकांच्या ओट्यावर बसून शंभरदा बोलल्या होत्या, आणि ऐकणाऱ्याला ते किती उपयोगी पडतं ते त्यांना आज कळलं.

उपाय एकच होता. ज्याची अस्थिमज्जा, म्हणजे हाडातला मगज, जुळेल अशा माणसाची ती काढून बाळाला द्यायची. म्हणजे त्यातून आकडीवाल्या पेशी तयार होतील. वाहक माणूसही चालतो, त्याच्या पेशींना पुरेशा आकड्या असतात. जितकं लवकर तितकं बरं; पहिल्या वर्षात एखादा मोठा जंतुसंसर्ग झाला तर हातात काही राहणार नाही. आई-बाप निम्मेच जुळत होते. "पण नात्यात लग्न झालेल्या घरांत पूर्ण जुळणारा माणूस घरातच सापडायची शक्यता जरा जास्त असते," ती म्हणाली आणि तिनं गालातून नमुना घ्यायच्या काड्यांची पाकिटं पुढे केली. ज्या गोष्टीनं घात केला तिच्याच भरवशावर आता बसायचं होतं. हसावं की रडावं ते दीक्षाताईंना कळेना.

"सर्वांत जास्त आशा मावशीकडून," डॉक्टर मुलगी म्हणाली. "मुलाच्या मावशीला लवकरात लवकर घेऊन या."

मावशी म्हणजे श्रुतिका, अनुष्काची धाकटी बहीण. बाळ आणि अनुष्का मुंबईतच राहिले, आणि दीक्षाताई पाकिटं घेऊन पोलादपूरला भावाच्या दारात गेल्या.

राजेंद्र प्राथमिक शाळेत मास्तर होता. बोलणं पुस्तकी, चिडला की मात्र उमरठकडच्या वाडीतलं लहानपण बाहेर यायचं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. आकडी, अक्षर, चौकोन, गोल. चहा प्यायला आणि म्हणाला, "रविवारी माणगावची माणसं येतायत श्रुतिकाला बघायला. तिचं नाव यात नको."

"दादा, नुसती कापसाची काडी गालात फिरवायची हाय."

"आणि जुळलं म्हणजे? मग कमरेच्या हाडातून काढणार. उद्या माणगाववाले म्हणतील, या घरच्या रक्तातच खोट आहे. म्हणतील की नाही?"

"खोट हाय ती हायच. त्यांनी म्हटल्यानं वाढणार नाय."

"तू बोलू नको!" राजेंद्रचा आवाज चढला. "अनुष्काच्या वेळी अशीच हसत आली होतीस मागायला. दिली तुला. काय झालं तिचं? एक गेला. दुसरा तिथं काचेच्या खोलीत पडलाय. आता दुसरी पोर पण तुलाच देऊ? एक मागून झाली, आता दुसरीची हाडं मागतेस?"

दीक्षाताईंना उत्तर द्यायचं नव्हतं. त्या इतक्या दमल्या होत्या, की जे अडीच वर्षं तोंडाशी येऊन परत जात होतं ते आपसूक बाहेर पडलं. "माझ्यामुळंच गेला पहिला, दादा. अनुष्का डॉक्टरकडं जाऊया म्हणत होती. मी म्हटलं, पू नाय, भिऊ नको. मी थांबवलं तिला. तुला मला काय बोलायचं ते बोल, पण या पोराला राहू दे."

राजेंद्रला हे माहीत नव्हतं. अनुष्कानं माहेरी कधी सांगितलंच नव्हतं.

कोपऱ्यातल्या खाटेवरून बनुबाई म्हणाली, "तुझ्यामुळं नाय गेला तो."

ऐंशी वर्षांची म्हातारी, ऐकायला कमी येतं म्हणून घरातल्यांनी तिला या बोलण्यातून वगळलेलं होतं. ती उठून बसली.

"राजाच्या आधी दोन झाले मला. एक पोरगी नि एक पोरगा. नाळ पडलीच नाय दोघांची. बेंबी लाल व्हायची, अंग तापायचं. पू नाय, काय नाय. पोरगी दीड महिन्याची गेली, पोरगा तीन. सासूचे पण तसेच तीन गेले होते. मी तिची भाचीच, तिच्या भावाची. तिनंच मग ठरवलं घरात, नाळ पडल्याबिगर नाव ठेवायचं नाय."

"का?" राजेंद्रनं विचारलं.

"नाव ठेवलं की हाक मारायची सवय लागते रे. मग पोर जातं नि नाव तोंडात राहतं. नाव नसलं म्हणजे मागं हाक मारायला काय उरत नाय."

जिला सगळे भिकाजीच्या घरची रीत म्हणत आले, ती असल्या नाव नसलेल्या मुलांवरून पडली होती. दोन पिढ्यांतली पाच मुलं, आणि त्यांच्याबद्दलची एवढी एकच माहिती घरानं जपून ठेवली होती, तीसुद्धा कारण विसरून. डॉक्टर मुलीनं काढलेल्या कागदावर भिकाजी-बनुबाईंमध्येही दोन रेघा ओढायला हव्या होत्या.

"आये, तू मला सांगितलं का नाय?" दीक्षाताई म्हणाल्या. "रोज फोन करत होतीस, पडली काय, पडली काय. एकदा तरी सांगायचं!"

"काय सांगू गो? साठ वर्सं होत आली. मला वाटलं आता दवाखाने झाले, सुया झाल्या, आता तसलं नाय व्हायचं. आणि तू शिकलेली. फॉर्म भरणारी. मी कोण तुला सांगायला?" म्हातारी रडत नव्हती. तिनं पदरानं उगीचच तोंड पुसलं. "आणि नावं नव्हती ना त्यांना. कोण गेलं म्हणून सांगायचं?"

आतल्या दारात श्रुतिका कधी येऊन उभी राहिली होती ते कोणी पाहिलं नव्हतं. पाकिटावरची सूचना तिनं वाचून झालेली होती. "आधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही असं लिहिलंय," ती म्हणाली. "मी चूळ भरून बसलेय. बाबा, तुम्ही आत्ताच चहा प्यायलात, तुम्हाला थांबावं लागेल."

राजेंद्रनं तिच्याकडे बघितलं. मग घड्याळाकडे बघितलं आणि चष्मा काढून बाजूला ठेवला. अर्ध्या तासानं त्यानं स्वतःच पाकीट फोडलं. एक पाकीट उरलं, तेव्हा श्रुतिका म्हणाली, "आत्या, तुमचं पण करून टाका. वाया कशाला घालवायचं?"

त्या संध्याकाळी दीक्षाताईंनी फोनवर अनुष्काला सगळं सांगितलं. आजीची दोन, पणजीची तीन, आणि नाव न ठेवण्याचं कारण. पलीकडे मशीनची टिकटिक चालू होती.

"मग मी आजच ठेवते," अनुष्का म्हणाली. "सुजात. नाळ पडो नाय तर न पडो. माझं पोर बिननावाचं नाय जाणार."

इस्पितळाच्या कागदावर तिनं त्याच संध्याकाळी 'अनुष्काचे बाळ' खोडून सुजात लिहून घेतलं. नाळ पडली एकेचाळिसाव्या दिवशी. औषधांनी ताप उतरला, सूज ओसरली, आणि कोणाला बाळाजवळ येऊ द्यायचं नाही या अटीवर आई-मुलाला घरी सोडलं. आतल्या खोलीला प्रितमनं दोनदा चुना काढला.

तीन आठवड्यांनी मुंबईच्या इस्पितळातून फोन आला तेव्हा दीक्षाताई कोणाच्या तरी मागीलदारी पिंपात बॅटरी मारून अळ्या शोधत होत्या.

"जुळलंय. दहापैकी दहा खुणा."

"श्रुतिकाचं?" दीक्षाताईंनी पिंपाला धरलं.

"नाही, त्यांचं निम्मंच. दीक्षा... आजी. आजी तुम्हीच ना? तुमचं पूर्ण जुळलंय."

बाळाला प्रितमकडून आलेला जुळणीच्या खुणांचा निम्मा भाग दीक्षाताईंचाच होता. अनुष्काकडून आलेला निम्मा राजेंद्रमार्गे आला होता, आणि तो नेमका दीक्षाताईंकडेही होता. एकाच आईबापांची लेकरं. चुकीचं अक्षर ज्या वाटेनं आलं त्याच वाटेनं हेही आलं. डॉक्टर मुलीनं नंतर हे कागदावर काढूनही दाखवलं, पण तेव्हा दीक्षाताईंना कागदाची गरज नव्हती. त्यांना कित्येक वर्षांत पहिल्यांदा अंगात जीव आल्यासारखं वाटत होतं. पिंपाजवळ त्या एकट्याच हसल्या होत्या, आणि घरमालकिणीनं अळ्या सापडल्या म्हणून घाबरून विचारलं होतं, "दंड तर नाय ना लागणार?"

तो जीव दोनच दिवस टिकला. मुंबईला त्यांची स्वतःची तपासणी झाली. हिमोग्लोबिन सात पूर्णांक नऊ.

"तुम्ही आशा आहात ना?" डॉक्टर मुलीनं चष्म्यावरून बघत विचारलं. "लोहाच्या गोळ्या तुम्हीच वाटता?"

चौदा वर्षं वाटत होत्या. वाडीतली कुठली बाई किती गोळ्या उकिरड्यावर टाकते हेसुद्धा त्यांना माहीत होतं. स्वतःच्या वाट्याच्या पट्ट्या फडताळातल्या बरणीत पडून होत्या. धाप लागते ती वयानं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

"असं चालणार नाही. भूल द्यायची आहे, मज्जा काढायची आहे. निदान अकरा तरी हवं. गोळ्या, नीट जेवण आणि विश्रांती, दोन महिने. आणि ते दोन महिने बाळाला काही होता कामा नये. तुम्ही जितक्या लवकर बऱ्या व्हाल, तितका त्याचा धोका कमी."

दीक्षाताई घरी आल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारख्या पिशवी खांद्याला लावून निघाल्या. कुष्ठरोगाच्या मोहिमेचा शेवटचा आठवडा होता, चाळीस घरं राहिली होती. उंबऱ्यापाशी अनुष्कानं पिशवी धरली.

"कुठं?"

"चाळीसच घरं राहिलीत गो. तेवढी करून—"

अनुष्कानं पिशवी खांद्यावरून काढली आणि आत नेऊन ठेवली. येताना भाकरी, पालेभाजी आणि फडताळातली बरणी घेऊन आली. दीक्षाताई जेवेपर्यंत ती समोर बसली. मग लिंबू पिळलेलं पाणी पुढे केलं आणि एक लाल गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली. दीक्षाताईंनी ती तोंडात टाकली.

"आ करा. जीभ वर करा."

गरोदर बायका गोळी जिभेखाली ठेवून नंतर थुंकतात, म्हणून दीक्षाताई त्यांना असंच करायला लावायच्या. अनुष्कालाही दोन्ही वेळेला लावलं होतं. त्यांनी मुकाट्यानं जीभ वर केली. अनुष्कानं वाकून नीट बघितलं.

"आत्या, एक सांगते," ती म्हणाली. "मी तुम्हाला माफ नाय केलंय. भिऊ नको म्हणालात ते मला रोज ऐकू येतं. पुढं पण येईल."

"हो," दीक्षाताई म्हणाल्या.

"पण माझ्या सुजातला जे पायजे ते तुमच्या हाडात हाय. म्हणून आता तुम्ही माझ्या ऐकण्यात. सकाळ-संध्याकाळ गोळी माझ्यासमोर. आणि आता झोपा."

"सकाळचे नऊ वाजलेत."

"वाजू देत."

तिनं चटई अंथरली, उशी आपटून नीट केली. दीक्षाताई आडव्या झाल्या. उजेडाचं असं पडायची सवय नव्हती, हात कुठं ठेवावे ते सुचेना. बाहेर अनुष्का त्यांच्याच मोबाईलवरून दीक्षाताईंच्या वरच्या गटप्रवर्तक बाईंशी बोलत होती. "नाय, त्या नाय येणार. उद्या पण नाय. दोन महिने नाय. चाळीस घरं तुम्ही बघा कोणाला देता ती." पलीकडून काही आरडाओरडा झाला असावा, कारण ती म्हणाली, "मग करा तक्रार," आणि फोन ठेवला.

तेवढ्यात आतल्या खोलीत सुजात रडायला लागला. दीक्षाताई सवयीनं कोपरावर उठल्या.

"पडून राहा म्हटलं ना!" अनुष्का ओट्यावरून ओरडली आणि हात धुवायला मोरीकडे धावली.

दीक्षाताई पुन्हा आडव्या झाल्या आणि पडून राहिल्या.